कौले, काचा आणि कृष्णामाई

वैशाख सरत आला की नृसिंहवाडीत भिंतींना शिड्या लागतात. घरे शाकारायची असतात. वसतिगृहातील मैत्रिणींना हा शब्द समजावून सांगावा लागला, म्हणून येथेही सांगते. छपराची कौले उतरवायची, फुटकी निराळी काढायची, रिपा आणि वासे ठोकून पाहायचे, वर्षभराचा पालापाचोळा झाडायचा आणि कौले पुन्हा ओळीने बसवायची. मृगाच्या आत हे झाले नाही तर पाऊस थेट माजघरात येऊन बसतो. या कामाचा जमाखर्च आमच्याकडे कोणी लिहून ठेवत नाही. पाचपन्नास कौले, दोन गड्यांची मजुरी, चार वेळचा चहा, संपले. गेल्या वर्षी मात्र कौले खाली उतरलेली असतानाच दादाने एक नवा हिशेब काढला, आणि तो मिटेपर्यंत आमच्या घरातील निम्मी भांडणे त्याच्याच नावे जमा झाली.

प्रश्न एवढाच होता: घरावर उन्हापासून वीज करायची ती नेहमीच्या मोठ्या काळ्या पॅनेलांनी, की सौर कौलांनी?

पॅनेले सर्वांनी पाहिली आहेत. लोखंडी घोडीवर तिरपी ठेवलेली, दारापेक्षाही मोठी अशी काचेची फळी. सौर कौल म्हणजे तीच काच, तीच सिलिकॉनची चकती, पण कौलाच्या आकारात. छपरावर कौलाच्या जागीच बसते आणि कौलाचेही काम करते. पाऊस अडवते आणि वीज देते. ऐकायला फार गोड. ज्याने कोणी ही कल्पना काढली त्याला घराने वीज निर्माण करावी, पण ती करताना दिसू नये असे वाटले असावे. जुन्या घरांत सुनेकडून हीच अपेक्षा असे.

आमचे घर खालच्या आळीत आहे. दुपाखी, मंगळुरी कौलांचे, पुढे सोपा आणि वर माडी. मागचे स्वयंपाकघर तेवढे स्लॅबचे, कारण २००५ च्या पुरात तेथील मातीची भिंत बसली आणि पुढच्या वर्षी बाबांनी ते सिमेंटात बांधून घेतले. दक्षिणेचे पाखे नेमके रस्त्याच्या बाजूला येते. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षातले बरेच महिने दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पॅनेलचे तोंडही दक्षिणेला हवे. म्हणजे पॅनेले बसवायची तर घराच्या तोंडावरच. बाबांनी ते चित्र मनात आणले आणि म्हणाले, “म्हाताऱ्याला गॉगल लावल्यासारखे दिसेल.” आजी म्हणाली, “मग त्या काळ्या कौलांनी काय दिसेल? म्हाताऱ्याने केसांना कलप लावल्यासारखे.” आजीचे उत्तर बाबांना आवडले नाही, मला मात्र फार आवडले.

मन मात्र माझेही कौलांकडेच ओढत होते, हे नाकारत नाही. वाडीची उतरती छपरे एकेक करून जात आहेत. यात्रेकरूंसाठी खोल्या वाढल्या, खोल्यांसाठी मजले वाढले, आणि मजल्यांना कौले कोण घालतो? उरलेल्या दहा-वीस घरांच्या आढ्याखाली जो गारवा आहे तो मोडू नये आणि वीजही यावी, असे वाटणे स्वाभाविक होते. आता ‘परंपरेचे कौल’ म्हणताना थोडे जपून बोलले पाहिजे. ज्याला आपण मंगळुरी म्हणतो ते कौल मुळात जर्मन पाद्र्यांच्या कारखान्यातले. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ साली मंगळुरात तो कारखाना काढला, आणि तेथून हे चपटे, खाचांचे, एकात एक अडकणारे कौल सगळ्या किनाऱ्यावर आणि घाटावर पसरले. त्याआधी आमच्याकडे नळीची देशी कौले होती. आजीच्या सासूला मंगळुरी कौले ‘इंग्रजी’ वाटत. तेव्हा छपर बदलू नये, एवढ्याच मुद्द्यावर ही बाजू लढवता येत नव्हती.

तशी ही कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. चार्ल्स फ्रिट्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८८३ मध्ये सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन प्रकाशातून वीज काढली आणि पुढे न्यूयॉर्कमधील एका छपरावर त्या तबकड्या मांडल्याही. पडलेल्या उजेडाचा जेमतेम शंभरावा भाग हाती लागे. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा घट केला तेव्हा ते प्रमाण शेकडा ६ वर गेले. आज बाजारातले साधे पॅनेल शेकडा २० च्या पुढे आहे. कौलाच्या रूपात मात्र या विद्येचे नशीब फारसे उजळले नाही. डाऊ केमिकलने २०११ मध्ये अमेरिकेत सौर कौले विकायला काढली आणि २०१६ मध्ये गुंडाळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी टेस्लाचे सौर छप्पर मोठ्या थाटात दाखवले. २०२१ मध्ये ठरलेल्या किमती मध्येच वाढवल्यामुळे ग्राहक कोर्टात गेले. एवढ्या बलाढ्य मंडळींना जे सहज जमले नाही ते आपल्या खालच्या आळीत जमेल का, हा विचार मनात येणारच.

आता आकडे. आमचे घर महिन्याला सरासरी २३० युनिट वीज जाळते. उन्हाळ्यात जास्त, एरवी कमी. एक किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास देते. तेव्हा आम्हाला दोन किलोवॅट पुरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी एकूण ७८,००० च. अट अशी की पॅनेल आणि त्यातले घटही देशात बनलेले हवेत. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो, आणि मीटर दोन्ही मोजतो.

पॅनेलवाल्याने दोन किलोवॅटचा आकडा दिला १,३०,००० रुपये. अनुदान ६०,००० वजा जाता ७०,०००. कौलवाल्याने, तो शहरातला, फोनवरच, दोन किलोवॅटचे २,६०,००० सांगितले. जुने छप्पर उतरवणे आणि नव्या रिपा वेगळ्या. त्यालाही पूर्ण अनुदान मिळते असे आम्ही वादापुरते धरून चाललो. तरी उरले २,००,०००. विजेच्या बिलात आमचे महिन्याला १,७०० रुपये वाचतील, वर्षाचे २०,४००. पॅनेलचा पैसा साडेतीन वर्षांत परत येतो. कौलांचा यायला जवळजवळ दहा वर्षे लागतात.

यावर दादाचा मुद्दा बिनतोड वाटला होता. तो म्हणाला, “कौले म्हणजे नुसती वीज नव्हे, छप्परही आहे. छपराचा खर्च त्यातून वजा करा.” सगळ्या जगात सौर कौले विकणारे हेच सांगतात, आणि त्यांच्या देशात ते पुष्कळसे खरेही आहे. तेथे वीस-पंचवीस वर्षांनी अख्खे छप्पर काढून नवे घालावे लागते आणि त्याचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. छप्पर घालायचेच आहे, तर ते वीज देणारे घालावे. पण आमच्याकडे? दोन किलोवॅटला जेवढी जागा लागेल तेवढ्यात मंगळुरी कौले बसतात अडीचशे-तीनशे. रिपा-मजुरी धरून पंधरा-वीस हजारांत नवेकोरे पाखे उभे राहते. दोन लाखांतून वीस हजार वजा केले तर एक लाख ऐंशी हजार उरतात आणि दहाची नऊ वर्षे होतात. आणि मुख्य म्हणजे आमचे छप्पर कधी ‘संपत’च नाही. ते दर वैशाखात थोडे थोडे नवे होत जाते. आज डोक्यावर असलेल्या कौलांत पणजोबांच्या वेळची किती आणि गेल्या वर्षीची किती, हे कोणी सांगू शकणार नाही. स्वस्त छपराच्या देशात महाग छपराचे गणित लागू पडत नाही, एवढे तरी त्या दिवशी कळले. अर्थशास्त्राच्या तासाला वैकल्पिक परिव्यय शिकताना हे उदाहरण मिळाले असते तर त्या धड्याची मला इतकी धास्ती वाटली नसती.

पुढचे प्रश्न मिस्त्रींनी काढले. आमचे मिस्त्री शाळा चौथीपर्यंत शिकलेले, पण लाकडावर नुसती बोटे आपटून त्याचे वय सांगतात. त्यांनी दादाच्या फोनवरची सौर कौलांची चित्रे लांबवर धरून पाहिली आणि विचारले, “ह्यातलं एक फुटलं, तर मी बदलायचं का तुमच्या कंपनीनं?” दादा म्हणाला, कंपनीने. “मग शाकारायचं कसं? दरसाली कंपनी बोलवायची व्हय?”

या प्रश्नात सगळे आले. एका कौलात साठ वॅट धरले तरी दोन किलोवॅटला तेहतीस-चौतीस कौले, आणि प्रत्येकाला आपापली तार नि जोड. पॅनेले लागतात चार. जोड जितके जास्त तितक्या बिघाडाच्या जागा जास्त, आणि बिघाड झाला तर तो आमच्या आढ्याखाली, वाळक्या सागाला लागून. शिवाय उष्णता. सिलिकॉनला ऊन हवे असते पण ताप नको असतो. पंचवीस अंशांच्या वर एकेक अंशाला त्याची वीज शेकडा ०.३ ते ०.४ ने घटते. पॅनेल घोडीवर असते, खालून वारा खेळतो. कौल छपराला चिकटलेले. ते दहा अंशांनी जास्त तापले तर तीन-चार टक्के तेथेच गेले. आकडा मोठा नाही, पण दुप्पट पैसे मोजून थोडी कमी वीज घ्यायची, हे बाबांना काही केल्या पटेना.

पॅनेलांची बाजू निर्दोष होती असे मात्र नाही. कौलारू पाख्यावर ती बसवायची तर लोखंडी हुक खालच्या वाशाला पकडावा लागतो आणि त्यासाठी मधली कौले कापावी लागतात. कापलेले कौल म्हणजे गळतीला आमंत्रण. वाशांवर भार येतो, आणि वारा शिरला की वर उचलणारा जोर येतो तो निराळाच. काचेवर उसाच्या फडांची काजळी बसते, ती धुवायला कोणी चढले की पायाखाली कौले फुटतात. मिस्त्रींनी दोन वाशांवर हात ठेवून सांगितले, “हे दोन बदलल्याबिगर वर काय बी घालू नगा. काच बी नगं नि कौल बी नगं.” त्यांचा हा सल्ला दोन्ही कागदांत नव्हता.

येथवर हिशेब चालला तो रुपयांचा. तो खरा अडला पाण्यापाशी.

वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे, आणि संगमावर राहणाऱ्याने पाण्याबद्दल तक्रार करू नये असे आमच्याकडे मानतात. दर पावसाळ्यात कृष्णा चढते, देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसे येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. देवालाच दर वर्षी घर सोडण्याची सवय असलेले हे गाव. आम्ही कोण लागून गेलो?

पण २०१९ चा ऑगस्ट सोहळ्याचा नव्हता. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; राजाराम बंधाऱ्यावर ती ५५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या घरात पाणी माडीच्या जिन्याची पाचवी पायरी बुडवून उभे राहिले. मी तेव्हा शाळेत होते. आम्ही नावेतून निघालो तेव्हा आजीने मागे वळून पाहिले ते छपराकडे, कारण घराचे तेवढेच ओळखू येत होते. वीज आधीच गेली होती. दुसऱ्या दिवशी फोनही मेले, आणि पुण्याच्या काकांना आम्ही कोणत्या छावणीत आहोत हे तीन दिवस कळले नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, फक्त या वेळी सामान आधी हलवले होते.

म्हणून आईने पॅनेलवाल्याला विचारलेला एकच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. “पुरात वीज गेली तर ही चालेल ना?” त्याने प्रामाणिकपणे सांगितले, नाही. तारेला जोडलेली यंत्रणा तार मेली की आपणहून बंद होते. तशी केलेलीच असते, कारण दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या छपरावरून गेलेल्या विजेचा धक्का बसता कामा नये. पुरात चालवायची तर बॅटरी हवी आणि बॅटरीचा खर्च वेगळा. कौलांनाही हाच नियम. डोक्यावर लखलखीत ऊन आणि घरात काळोख, असे होऊ शकते हे आईला पचायला दोन दिवस लागले.

आणि मग ती दहा वर्षे. कौलांचे पैसे दहा वर्षांत फिटणार, हे वाक्य कागदावर वाचताना काही वाटत नाही. वाडीत ते मोठ्याने म्हणून पाहावे. २००५, २०१९, २०२१: सोळा वर्षांत तीन वेळा आमच्या घरात नदी राहून गेली. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा बेत आहे आणि त्याला आमच्या शिरोळ तालुक्याचा विरोध आहे. पुराला अलमट्टी किती कारण आणि किती नाही, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. खालच्या आळीत मतभेद नाहीत, नुसती धास्ती आहे. वरच्या अंगाला जागा घेऊन घर बांधावे, ही गोष्ट २०१९ पासून आमच्याकडे दर दिवाळीला निघते आणि दर दिवाळीला आजी फराळाचे ताट पुढे सरकवून ती बंद करते.

तर सौर कौले घ्यायची म्हणजे आम्ही आणखी दहा वर्षे येथून हलणार नाही, असे लिहून दिल्यासारखे होते. दोन लाख रुपये छपरात मुरवायचे, आणि उद्या घर सोडावे लागले तर ते छप्पर येथेच राहणार. मंगळुरी कौल उतरवून कोठेही नेता येते, कोणत्याही घरावर बसते. सौर कौल एका घराच्या मापाने मांडलेले, एकमेकांना तारांनी गुंतलेले. ते उपटून दुसरीकडे पेरता येत नाही. दिसायला कौलासारखे असले तरी वागायला ते कौल नाही. उलट ते बेढब पॅनेल, चार नटबोल्ट सोडले की सुटते, टेम्पोत मावते. कौलाचा जो गुण आजीला प्रिय, की एकेक काढावे, पाहावे, पुन्हा लावावे, तो त्या कुरूप फळीतच आहे. हे लक्षात आले त्या दिवशी माझा कौलांचा पक्ष मी सोडला. दादाने दोन दिवसांनी सोडला. त्याला सोडायचा होता आधीच, पण माझ्यामागून सोडला असे दिसायला नको होते.

दिसण्याचा प्रश्न उरला होता, तो बाबांनी सोडवला. रस्त्याकडचे पाखे सोडून द्यायचे. पॅनेले मागच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबवर. तेथे मार्गशीर्ष-पौषात आढ्याची सावली पडते, म्हणून लोखंडी घोडी उंच घ्यायची. तिचे दहा-बारा हजार वाढतात आणि वाऱ्यासाठी पाये पक्के करावे लागतात. एवढे वाढवूनही पैसा चार-सव्वाचार वर्षांत परत येतो. इन्व्हर्टर आणि मीटरची जोडणी खाली सोप्यात न करता माडीच्या भिंतीवर, पाचव्या पायरीच्या रेघेपेक्षा पुष्कळ वर. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली तेव्हापासून आमच्याकडेही असे अर्ज वाढले आहेत, पण मीटर किती उंचावर, हा प्रश्न डोंगरातल्या मान्याचीवाडीला पडला नसेल. आईसाठी एक निराळे लहान पॅनेल आणि बॅटरी, तारेशी संबंध नसलेली. दोन दिवे आणि फोन एवढ्यापुरती. ती पुरात उचलून बरोबर न्यायची.

मिस्त्रींनी दोन वासे बदलले. कौले वेळेवर चढली. अर्ज गेला, मंजूर झाला, काम दसऱ्यानंतर करायचे ठरले.

पॅनेलवाला करार घेऊन आला तेव्हा आजी सोप्यात बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पाणी वाढायला लागले तर ह्या फळ्या उतरवायला किती वेळ लागेल, बाबा?”

तो म्हणाला, “पाणी स्लॅबवर कुठे येणार, आजी?”

“वर जागा घेतली तर न्यायला नकोत?”

घरात कोणी काही बोलले नाही. दिवाळी अजून लांब होती. पॅनेलवाल्याने थोडा विचार करून सांगितले, दोन माणसे, अर्धा दिवस. मात्र घोडी जोडताना वेल्डिंग न करता सगळे नटबोल्टवर ठेवावे लागेल. बाबांनी कागद पुढे ओढला आणि कराराच्या खालच्या रिकाम्या जागेत स्वतःच्या हाताने लिहिले: सर्व जोड नटबोल्टचे, वेल्डिंग नाही. मग त्याची सही घेतली.